धर्मा गोविंद, राहणार कल्याणच्या पुढे

मीरा, तुझ्या शाळेने तुला निबंध दिला आहे: इंग्रजी राज्यातल्या एखाद्या शहरात झालेल्या राजकीय दंगली, त्यांची कारणं आणि त्यांनी मागे काय ठेवलं. तू मुंबई घेतलीस, कारण आजी मुंबईजवळ राहते. शहापूर मुंबईजवळ आहे असं परदेशातल्या माणसांनाच वाटतं. पण ते असो. तू फोनवर म्हणालीस, "आजी, तू जुने कागद ट्रान्सलेट करायचीस ना, तुला ठाऊक असेल." मी म्हटलं, लिहून पाठवते. तेवढ्यात इथल्या दिवाळी अंकाच्या संपादकांनीही धंद्यातले अनुभव मागितले, म्हणून एकच लेख दोघांना देते आहे. तुझ्या भावाने, अद्वैतनेही वाचावा. त्याला मराठी वाचायला वेळ लागतो, पण घाई कुठे आहे.

आधीच सांगते, निबंधाला याचा फारसा उपयोग होणार नाही. चाळीस वर्षं मी लोकांचे कागद एका भाषेतून दुसरीत नीटनेटके नेऊन ठेवले. त्यातल्या फक्त एका कागदात दंगल होती, आणि त्या कागदाबद्दल माझा अजून गोंधळ आहे.

माझं दुकान म्हणजे तहसील कचेरीच्या रस्त्यावर, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी, आठ बाय दहाची खोली. पाटीवर 'टंकलेखन व भाषांतर, इंग्रजी-मराठी'. माझे वडील रेल्वेत होते, त्यामुळे माझं शिक्षण कल्याणला इंग्रजी शाळेत झालं. लग्न होऊन इथे आले तेव्हा तालुक्यात इंग्रजी वाचणारी माणसं होती, पण दुसऱ्याला धीराने वाचून दाखवणारी कमी होती. ती जागा मी घेतली. जुने निकाल, खरेदीखतं, कंपनीच्या नोटिसा, आखातातले नोकरीचे करार, सगळं माझ्याकडे यायचं. शेणवे गावचा एकजण पाण्याच्या पंपाचं माहितीपुस्तक घेऊन आला होता. दुकानदाराशी भांडायला त्याला त्यातली ओळ हवी होती. वाशिंदच्या एका बाईंच्या मुलाने परदेशात लग्न केलं होतं. सुनेचं पत्र आलं, ते पुढे करून त्या म्हणाल्या, "सगळं नका वाचू. रागानं लिवलंय का, तेवढं सांगा." रागाने लिहिलेलं नव्हतं. त्या पत्र घडी करून पदरात बांधून गेल्या, मजकूर त्यांनी कधीच ऐकला नाही.

एका गृहस्थांना मराठी नोटीस इंग्रजीत हवी होती. मी केली. ते म्हणाले, "जरा कडक करा की."

"मूळ मवाळ आहे."

"त्याला कुठं मूळ दाखवायचंय?"

मी नाही केली. या धंद्याचे नियम साधे आहेत. कागदात असेल तेच लिहायचं. वाचता आलं नाही तर तिथे 'अस्पष्ट' असं लिहायचं, अंदाज घालायचा नाही. मूळ कागद खोटं बोलत असेल तर ते खोटंसुद्धा व्यवस्थित उतरवायचं. प्रत्येक पानावर सही, शेवटी शिक्का. मला याचा अभिमान होता, अजूनही थोडा आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वी गावोगाव शिलाफलक उभे राहिले. देशासाठी प्राण दिलेल्या गावच्या माणसांची नावं त्यावर कोरायची होती. डोळखांबच्या बाजूच्या एका गावात (त्याचं नाव लिहीत नाही) कोरायला एकही नाव सापडेना. तिथल्या सरपंच वंदनाताई मला म्हणाल्या, "मॅडम, शेजारच्या गावाला तीन नावं. आमच्याकडं नुसता दगड. बरं दिसतं का?"

त्याच सुमारास, मुंबईच्या जुन्या दप्तरांत शोध घेणाऱ्या एका प्राध्यापकांनी मोबाइलवर एक यादी फिरवली होती. इंग्रजांचं राज्य जायच्या आधी दीडेक वर्ष, नौदलातल्या आपल्या खलाशांनी काम बंद पाडलं, गिरण्या बंद झाल्या, शहर रस्त्यावर आलं, दुकानं जळाली, लष्कराने आणि पोलिसांनी गोळ्या चालवल्या. त्यात मेलेल्यांपैकी आपल्या भागातली असावीत अशी नावं त्या यादीत होती. एक नाव होतं धर्मा गोविंद. आणि वंदनाताईंच्या गावातून एक धर्मा गोविंद त्याच सुमारास गिरणीत कामाला गेला होता, तो परत आलेला नव्हता. त्याची मुलगी भागीबाई हयात होत्या. बाप गेला तेव्हा त्या आईच्या पोटात होत्या, म्हणजे आता ऐंशीच्या घरात.

भागीबाईंचा मुलगा काशिनाथ, वाशिंदच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, मवाळ माणूस, सात पानांची छायाप्रत घेऊन आला. मृत्यूच्या चौकशीचे इंग्रजी कागद होते. तो म्हणाला, "मॅडम, फक्त तिसरं पान करा."

असं करता येतं. सबंध कागदाऐवजी हवा तो भाग भाषांतरित करून वर 'उतारा' असं लिहायचं. तो खोटेपणा नव्हे. तरी माझी सवय अशी की पान कुठलंही मागितलेलं असो, घरी नेऊन सगळे कागद एकदा वाचायचे.

पहिल्या पानावर मृताचं नाव, वय अंदाजे तीस, धंदा गिरणी कामगार, आणि मूळ गावाच्या रकान्यात एवढंच: 'कल्याणच्या पुढे'. आडनाव नाही. दुसऱ्या पानावर पोलीस अधिकाऱ्याचा जबाब. त्याच्या मते जमाव राजकीय चिथावणीने आला होता, सरकार उलथवायचं म्हणून घोषणा चालू होत्या, मृत इसम पुढे राहून दगड मारत होता. चौथ्या पानावर धान्याच्या दुकानातल्या कारकुनाचा. त्याने एकही घोषणा ऐकली नव्हती. लोकांनी त्याच्याकडे गोदामाची किल्ली मागितली, कारण रेशन कमी केलं होतं, आणि मृत इसम डोक्यावर गोणी घेऊन बाहेर पडताना त्याने पाहिला. काशिनाथला हवं होतं ते तिसरं पान धर्माच्या खोलीत राहणाऱ्या एका गिरणी कामगाराचं. त्यात धर्मा रेशनकार्ड हातात घेऊन रांगेत उभा होता, दुकान उघडण्याची वाट बघत. लष्कराची लॉरी आली. त्याआधी धर्माने याला विचारलं होतं की खलाशांचं भांडण कशावरून आहे, आणि याने सांगितलं होतं की मला माहीत नाही.

मीरा, तू मला कारणं विचारलीस. एकाच रस्त्यावर, एकाच सकाळी, एका मेलेल्या माणसाभोवती ही तीन कारणं होती: राज्य, पोट, आणि माहीत नाही. मी ती तिन्ही पुन्हापुन्हा वाचली. प्रत्येक जबाब स्वतंत्र वाचला की खरा वाटायचा.

ठरलेल्या दिवशी काशिनाथ आईला घेऊन आला, बरोबर वंदनाताई. भागीबाई उंच, सुकलेल्या, कानाने पक्क्या. खुर्ची दिली तर म्हणाल्या, "मी खालीच बरी," आणि खुर्चीवरच बसल्या. मी तिसऱ्या पानाचं माझं मराठी वाचायला घेतलं. "सदर मयत इसम माझ्या परिचयाचा असून..."

"हा आमच्याकडचा मानूस नाय," भागीबाई म्हणाल्या.

"का हो?"

"असा कोन बोलतो? मयत इसम. घरात एका चुलीवर रांधून खानारी मानसं ती."

त्यांचं बरोबर होतं. तो माणूस चौकशीत मराठीतच बोलला असणार, आपल्याच भागातल्या बोलीत. तिथल्या दुभाषाने ते इंग्रजी केलं, आणि इतक्या वर्षांनी मी ते परत आणत होते. जाताना आणि येताना त्याचा आवाज हरवला होता. मी कागद खाली ठेवला आणि तोंडी सांगितलं, "धर्मा रांगेत उभा व्हता. मला बोलला, या बोटवाल्यांचं काय भांडण हाय रे? मी बोललो, मला नाय ठावं."

भागीबाई हसल्या. "हां. आता बोलला." मग माझ्या हातातल्या कागदांकडे बघत विचारलं, "बाकीची पानं कोरी हाइत का?"

काशिनाथ घाईने म्हणाला, "आये, ती सरकारी हाइत."

"आन् ही काय आपल्या घरची हाय? वाचा, बाई."

मी वंदनाताईंकडे बघितलं. त्या नको म्हणून मान हलवत होत्या. पण कागद बापाचा होता आणि मुलगी विचारत होती. मी वाचलं. दगडही वाचला, गोणीही वाचली. काशिनाथ जमिनीकडे बघत राहिला. वंदनाताई म्हणाल्या, "मॅडम, हे कशाला? आता हुतात्मा कसं लिवायचं?"

भागीबाईंना त्याचं काही नव्हतं. "तांदूळ व्हता का गोनीत?"

"नुसतं धान्य लिहिलं आहे."

"लुटलं तर लुटलं. पन तो तिथं मेला ना? पळून गेला असं नाय ना लिवलंय कुठं?"

तेव्हा मला कळलं त्या कशासाठी आल्या होत्या. गावाने ठरवलं होतं की धर्माने मुंबईत दुसरी बाई केली. भागीबाईंच्या आईने मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही, कारण नवरा मेल्याचा निरोप कधी आला नाही. लग्नात हळदीला ती पुढे झाली की बायका म्हणत, "या गो, हिचा नवरा जिता हाय, फकस्त दिसत नाय." पितृपक्षात सगळ्या घरांनी पान वाढलं तरी या घराने वाढलं नाही. जिवंत माणसाला पान कसं वाढायचं? भागीबाईंना दगडावर नाव हवं होतं ते देशासाठी नव्हे. आईला टाकलं नव्हतं, एवढं एकदा कुठेतरी कोरलं जायला हवं होतं.

इथे माझी चूक झाली. बाहेरच्या माणसाला ती चूक वाटणारही नाही. ओळख पटवायची असेल तेव्हा आधी नातेवाइकाला विचारायचं, मग कागद उघडायचा. हे मी किती कारकुनांना शिकवलं असेल. पण त्या दिवशी मी वाचण्याच्या ओघात होते आणि पाचवं पान सरळ वाचून टाकलं: "ओळखीच्या खुणा, उजव्या हातावर आतल्या बाजूने गोंदलेला विंचू."

"हां," भागीबाई लगेच म्हणाल्या. "विंचू. आई सांगायची."

मी पेन खाली ठेवलं. आता त्यांना काहीही विचारून उपयोग नव्हता. मी मोर म्हटलं असतं तरी कदाचित त्या हां म्हणाल्या असत्या. कदाचित नसत्या. ते कळायचा एकच रस्ता होता आणि तो मी बंद केला होता.

ग्रामपंचायतीसाठी भागीबाईंचा जबाब मलाच लिहायचा होता. मी लिहिलं, 'कागदातील खूण वाचून दाखविल्यावर, ती आपल्या वडिलांची असल्याचे त्यांनी सांगितले.' वंदनाताईंनी वाचलं. त्या हुशार आहेत. "मॅडम, ते 'वाचून दाखविल्यावर' काढता येईल?"

"झालं तसं लिहिलंय."

"झालं ते आपल्या चौघांनाच ठाऊक. एवढ्यावर कोनीतरी बोट ठेवील, मग म्हातारी परत तिथंच."

भागीबाईंनी अंगठा शाईवर दाबून वर धरलेला होता, कुठे टेकवायचा ते कळत नव्हतं. मी कोरा कागद टंकयंत्राला लावला आणि जबाब ते दोन शब्द न घेता पुन्हा टंकला. सातही पानांचं भाषांतर मात्र पूर्ण दिलं, दगड आणि गोणीसकट. ते कोणी पूर्ण वाचलं असेल असं मला वाटत नाही. ज्याने धर्माला दगड मारताना पाहिलं त्या पोलिसाचा जबाब ग्रामपंचायतीला शेवटी फार उपयोगी पडला, कारण सरकारविरुद्ध घोषणा फक्त त्यातच होत्या.

स्वातंत्र्यदिनाला दगडावर नाव लागलं. मला बोलावलं होतं. भागीबाईंनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि काशिनाथला विचारलं, "यात गोविंद कुठला?" त्या पितृपक्षात त्यांनी बापाचं पान पहिल्यांदा वाढलं. नाचणीची भाकरी, भात, वालाची भाजी. काशिनाथने मला सांगितलं की कावळा लगेच शिवला. हा लेख मागच्या वर्षी लिहिला असता तर मी ही गोष्ट तुम्हाला इथेच संपवून दिली असती.

यंदा दुकान कायमचं बंद करायच्या आधी, कपाटं आवरत असताना, मुरबाडहून एक गृहस्थ आले. नाव दत्ताराम, पन्नाशी ओलांडलेले, डंपर चालवतात. हातात तीच सात पानं. त्याच प्राध्यापकांची यादी त्यांच्याही मोबाइलवर पोचली होती.

"मावशी, ह्यो आमचा आजा असंल काय, एवढं बघायचंय," ते म्हणाले. "बा शेवटपर्यंत दारात बसून रस्ता बघायचा. आता बा बी नाय."

पहिलं पान बघितलं आणि मी कागद पालथे केले. या वेळी मी आधी विचारलं. "आजोबांच्या अंगावर काही खूण होती, असं वडील सांगायचे का?"

"गोंदन व्हतं. इंचू. आजानं उचलून घेतला का बा तो इंचू धराया जायचा. तेवढंच आठवायचं त्याला आजाचं."

"कुठल्या हातावर?"

"त्ये काय ठावं. हातावर."

मी पाणी प्यायले. एकीकडे मला कळत होतं की याला विंचू कोणी सांगितला नव्हता. पण यादीबरोबर कागदही फिरले होते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या कोणी वाचून दाखवले असतील तर? विचारलं तर म्हणाले, "पोरींनी बघितलं थोडं, त्यांना बी ते इंग्रजी कळंना." थोडं म्हणजे किती? शिवाय त्या काळात म्हसा गावच्या जत्रेत गोंदून घेतलेल्या दर दुसऱ्या हातावर विंचूच असायचा. शहापूरची माणसंही त्याच जत्रेला जात, मुरबाडचीही. आणि दोन्ही तालुके कल्याणच्या पुढेच. कोऱ्या कागदावर दोन रकाने आखून मी दोन्ही बाजू लिहायला बसले, तर दोन्हीकडे सारख्याच ओळी झाल्या.

एका गिऱ्हाइकाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही, हे मी कधी मोडलं नव्हतं. दत्तारामांना आठवड्याने या म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी भागीबाईंकडे गेले. त्या अंगणात वाल सोलत होत्या. मी शेजारी बसून सोलायला लागले आणि सगळं सांगितलं. एक माणूस आलाय, त्याचाही आजा धर्मा गोविंद, तो विंचू म्हणतो.

त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग विचारलं, "त्यानं आधी सांगितला का तुमी आधी वाचला?"

"त्याने आधी सांगितला."

"मला तुमी आधी वाचलात."

"हो."

"मला ठावं हाय, बाई. तुमी पेन खाली ठेवलंत ना, तवाच मला कळलं." त्यांनी वालाची टरफलं एका बाजूला सारली. "आई विंचू सांगायची का नाय, मला नाय आठवत आता. तुमी वाचलंत आन् मला हात दिसला. त्याच्या आधी मला बाप कधी दिसलाच नव्हता. हात नाय, काय नाय."

"मग आता काय करायचं?"

"तुमी शिकलेल्या. मला काय इचारता?" पण लगेच म्हणाल्या, "दगड काय मी उखडनार नाय. पान बी मीच वाढनार. त्याला यायचं तर येऊ दे. त्याचा असंल तर त्यानं बी वाढावं. एवढ्या वर्सांचा उपाशी हाय, दोन पानांनी काय व्हतंय."

"आणि तुमचे वडील?"

"म्हंजे?"

"तो दत्तारामचा आजा असेल, तर तुमचे वडील..."

"मग तो पळाला," भागीबाई म्हणाल्या, आणि पुढचा वाल घेतला. त्यांचा आवाज बदलला नव्हता, पण ती शेंग त्यांना फोडता येईना. मी हात पुढे केला, तर त्यांनी ती दिली नाही.

मीरा, दंगलीने मागे काय ठेवलं, हे लिहिण्याइतकं मला अजून समजलेलं नाही. शहरात तिच्या जागा असतील, पाट्या असतील, पुस्तकांत प्रकरणं असतील. इथे कल्याणच्या पुढे दोन घरांना मिळून एकच मेलेला माणूस सापडला आहे. तो ज्या घराला मिळेल त्या घरची बाई टाकलेली नव्हती. आणि ज्या घराला मिळणार नाही त्याला मी काय भाषांतर करून देणार? माझा शिक्का दोन्ही कागदांवर आहे, आणि दोन्ही भाषांतरं शब्दाला शब्द बरोबर आहेत.

आठवड्याने दत्ताराम आले. मी शिक्का मारलेलं भाषांतर त्यांना दिलं आणि सातही पानं मोठ्याने वाचून दाखवली, या वेळी सुरुवातीपासून त्यांच्या बोलीत. खलाशांच्या भांडणाच्या वाक्याला ते हसले. गोणीला हसले नाहीत. पाचव्या पानावर विंचू आला तेव्हा ते स्वतःचा उजवा हात उलटा करून बघत राहिले. तिथे काहीच नव्हतं.

"म्हंजे आमचाच, मावशी?"

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. एका चिठ्ठीवर भागीबाईंच्या गावाचं नाव लिहिलं, शहापूरहून कुठली एसटी, कुठल्या फाट्यावर उतरायचं, ग्रामपंचायतीसमोरचा दगड, सगळं क्रमाने लिहून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग विचारलं, "तिकडं कोन हाय आमचं?"